बंद पडण्याआधी : कार्यालयीन संगणकांच्या प्रकृतीविषयी

कार्यालयातला एखादा संगणक बंद पडला, की पहिल्याच वाक्यात ‘अचानक’ हा शब्द येतो. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता, आज सकाळी सुरूच होईना. मार्चअखेरची पत्रके त्यातच होती. सर्व्हिस इंजिनिअरला फोन केलाय, तो दुपारनंतर येईल. पतसंस्था असो, नगरपरिषद असो, महाविद्यालयाचे कार्यालय असो की सनदी लेखापालाच्या दोन खोल्या, ही हकिगत सगळीकडे सारखीच ऐकू येते. या पुस्तकाचे म्हणणे असे, की यातला ‘अचानक’ हा शब्द पुष्कळदा खरा नसतो. यंत्र बंद पडण्याआधी काही दिवस, कधी काही महिने, आपली अवस्था आकड्यांत नोंदवत असते. त्या नोंदी कुणी वाचत नाही, म्हणून बिघाड अचानक वाटतो. या नोंदी यंत्रापाशी न जाता, कार्यालयाच्या नेटवर्कवरून, एका जागी बसून रोज वाचता येतात. तशा त्या वाचणे हे देखभालीचे नित्यकर्म व्हायला हवे, आणि ते करताना यंत्र व यंत्रावर काम करणारा माणूस यांच्यातली रेषा ओलांडता कामा नये, हे दाखवण्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत.

हार्ड डिस्कच्या आत काय घडते ते थोडे जवळून पाहू. डिस्कवरची माहिती सेक्टर नावाच्या लहान कप्प्यांत असते. जुन्या डिस्कवर एक कप्पा ५१२ बाइटांचा, नव्यांवर बहुधा ४०९६ बाइटांचा. एखादा कप्पा वाचताना चूक झाली, की डिस्कमधला नियंत्रक तो पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. तरीही जमले नाही, तर तो कप्पा ‘प्रलंबित’ म्हणून टिपून ठेवतो. पुढे त्या जागी काही लिहायची वेळ आली आणि जागा खरोखरच खराब निघाली, की राखीव साठ्यातला एक कप्पा तिच्या बदली कामाला लावतो. खुर्चीत बसलेल्या लिपिकाला यातले काही कळत नाही. त्याला दिसते ते इतकेच, की एखादी फाइल उघडायला नेहमीपेक्षा चार-पाच सेकंद जास्त लागले. डिस्कने मात्र दोन आकडे वाढवलेले असतात : १९७ क्रमांकाच्या रकान्यात प्रलंबित कप्प्यांची संख्या आणि ५ क्रमांकाच्या रकान्यात बदललेल्या कप्प्यांची. शेजारी ९ क्रमांकाच्या रकान्यात डिस्क एकूण किती तास चालली तेही असते, आणि १९९ क्रमांकाच्या रकान्यात डिस्क व मदरबोर्ड यांच्यातल्या वहनात झालेल्या चुका. हा शेवटचा आकडा वाढत असेल आणि बाकीचे स्थिर असतील, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. डेटा केबल सैल किंवा खराब झालेली असते. ती बदलली की काम भागते. डिस्क बदलण्याचा खर्च वाचतो.

या नोंदवहीला ‘स्मार्ट’ म्हणतात. १९९२ मध्ये आयबीएमने मोठ्या यंत्रणांच्या डिस्कमध्ये बिघाडाचा पूर्वअंदाज देणारी सोय आणली. १९९५ च्या सुमारास कॉम्पॅकने डिस्क उत्पादकांबरोबर मिळून साध्या संगणकांसाठी तशीच पद्धत पुढे केली आणि तिच्यातून आजचे मानक घडले. म्हणजे ही नोंदवही तीस वर्षे आपल्या टेबलाखाली आहे. मग तिचा उपयोग का होत नाही? एक कारण असे, की बहुतेक संगणक सुरू होताना डिस्कला एकच प्रश्न विचारतात : ठीक आहेस की नाही? उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत डिस्क ‘ठीक’ असेच उत्तर देते, आणि ती मर्यादा इतकी सैल असते, की शेकडो कप्पे बदलूनही उत्तर बदलत नाही. दुसरे कारण, एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. बदललेले आठ कप्पे वर्षभर आठच राहिले तर काळजीचे कारण कमी. सोमवारचे आठ शुक्रवारी साठ झाले तर डिस्क आठवडाभरात बदललेली बरी. हा फरक कळायला सोमवारचा आकडा कुठेतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. रोज, न चुकता, प्रत्येक यंत्राचा. हे काम माणसाला हाताने जमणारे नाही, नेटवर्कला सहज जमते.

या इशाऱ्यांवर किती विसंबावे, याचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झालेला आहे. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचनातली पहिली चूक नोंदवली गेल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट होती. हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या साठवणूक कंपनीने २०१६ मध्ये आपले आकडे मांडले. निकामी झालेल्या ड्राइव्हपैकी ७६.७ टक्क्यांमध्ये पाच ठरावीक रकान्यांपैकी किमान एकात आधीच नोंद झालेली होती. चालू स्थितीतल्या ड्राइव्हमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होते. तिसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा, २०११ चा, आणि तो आपल्या विषयाच्या अधिक जवळचा, कारण त्यात मोठ्या डेटा सेंटरमधली यंत्रे नव्हती. सुमारे साडेनऊ लाख साध्या, ग्राहकांच्या संगणकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता पहिल्या वेळेच्या तुलनेत शंभर पटींपर्यंत वाढते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे पहिल्या वेळी यंत्र बंद करून चालू करतात, ते चालू लागते आणि विषय तिथेच संपतो. या अभ्यासाच्या उजेडात पाहिले, तर खरी दखल घ्यायची वेळ तीच असते.

डिस्क हा सर्वांत बोलका भाग. पण बोलणारा एकटाच नव्हे. प्रोसेसरला स्वतःचे तापमान कळते आणि ते ठरावीक मर्यादेपर्यंत, पुष्कळ प्रोसेसरमध्ये शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास, पोचले की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. विदर्भातल्या मे महिन्यात, रस्त्याच्या धुळीकडे खिडकी असलेल्या खोलीत, पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर धुळीचा थर चढलेला असतो. वापरणाऱ्याची तक्रार एवढीच असते, की ‘पीसी स्लो झालाय’. या तक्रारीवर कार्यालये नवी यंत्रे खरेदी करतात. तापमानाचा आलेख समोर असेल, तर सकाळी अकरानंतर वेग पडतो आणि त्याच वेळी तापमान वर गेलेले असते, हे एका नजरेत दिसते; मग ब्लोअर, ब्रश आणि थर्मल पेस्ट एवढ्यात काम होते. मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलचेही तसेच. तो उतरला, की संगणक बंद केल्यावर तारीख विसरतो. मग हिशेबाच्या नोंदीवर चुकीची तारीख पडते, सरकारी संकेतस्थळे उघडेनाशी होतात, डिजिटल सही नाकारली जाते, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. अनेक मदरबोर्ड त्या सेलचा व्होल्टेज मोजून सांगतात. वाचणारा हवा.

या सगळ्या नोंदी एकेका यंत्रापाशी बसूनही वाचता येतील, मग नेटवर्क कशाला, असे कुणी विचारेल. सोय हे एक उत्तर झाले, पण ते पुरेसे नाही. एकत्र पाहिल्यावर जे दिसते ते सुटे पाहून दिसतच नाही, हे खरे उत्तर. आजच्या एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीमध्ये एक साधा आकडा असतो : नीट बंद न करता वीज किती वेळा गेली. एका यंत्रात हा आकडा वाढलेला दिसला तर वापरणाऱ्याने घाईत स्विच बंद केला असेल, असे आपण म्हणू. पण एकाच खोलीतल्या सहा यंत्रांत तो एकाच दिवशी एकेकाने वाढला असेल, तर त्या खोलीच्या यूपीएसची बॅटरी संपली आहे, हे यूपीएस न उघडता कळते. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षे टिकतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. वीज वारंवार जाणाऱ्या आपल्या तालुक्याच्या गावांत एसएसडी आणि फायली खराब होण्याचा दोष यंत्राच्या कंपनीवर जातो आणि कारण टेबलाखालच्या डब्यात असते. वड्याचे तेल वांग्यावर निघते, ते असे.

याहून मोठे उदाहरण या शतकाच्या सुरुवातीचे आहे. तेव्हा अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डवर सदोष कपॅसिटर बसवले गेले. ते काही महिन्यांनी फुगत, गळत आणि यंत्र मध्येच बंद पडे. डेलच्या कार्यालयीन वापराच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेला त्याचा मोठा फटका बसला आणि २००५ मध्ये कंपनीला त्यापोटी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. कपॅसिटर स्वतः कुठलाही आकडा सांगत नाही. पण अवेळी बंद पडल्याची खूण प्रत्येक यंत्र ठेवते. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ती ४१ क्रमांकाने नोंदली जाते. एकेक यंत्र दुरुस्तीला पाठवणाऱ्याला तो एकेका यंत्राचा दोष वाटतो. एकाच वर्षी, एकाच ऑर्डरमध्ये आलेल्या तीस यंत्रांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडणाऱ्याला पूर्ण खेपच सदोष असल्याचे वॉरंटी संपण्याआधी कळू शकते. दुकानदाराशी बोलताना त्याच्या हाती तक्रारीऐवजी पुरावा असतो.

हे सारे करायला लागणारी साधने नवीनही नाहीत आणि महागही नाहीत. नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची अवस्था विचारण्याची एसएनएमपी ही पद्धत १९८८ पासून आहे. विंडोजमध्ये हार्डवेअरची माहिती दुरून विचारण्याची डब्ल्यूएमआय ही सोय अंगभूत आहे. डिस्कची नोंदवही उघडून दाखवणारे स्मार्टमॉनटूल्स २००२ मध्ये ब्रूस अ‍ॅलन यांनी सुरू केले. ते गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ. शेकडो साधे पीसी जोडून गणिते करणाऱ्याला त्यांतली कुठली डिस्क आता जाणार हे कळणे भाग असते. गरजेतून तयार झालेले ते साधन आज कुणालाही फुकट वापरता येते. आलेले आकडे साठवून त्यांचे आलेख काढणारे आणि मर्यादा ओलांडली की इशारा देणारे झॅबिक्स, नॅगिओस यांसारखे मुक्त प्रणालीतले कार्यक्रमही वीस-पंचवीस वर्षे मुरलेले आहेत. एका यंत्राची एका वेळची मोजमापे काही किलोबाइटांत मावतात. तापमान दर पाच मिनिटांनी आणि डिस्कची अवस्था दिवसातून एकदा विचारली, तरी चाळीस संगणकांच्या कार्यालयाच्या नेटवर्कवर त्याचा भार जाणवत नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो पुराव्याच्याच आधारे, आणि तो गंभीर आहे. गूगलच्या त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. बॅकब्लेझच्या आकड्यांतही जवळजवळ चौथा हिस्सा न बोलताच गेला. एसएसडीच्या बाबतीत तर झीज किती झाली याची टक्केवारी मिळते, पण नियंत्रकच बिघडला की ती चालता चालता गप्प होते. साध्या कार्यालयीन संगणकातली रॅम आपल्या चुका मोजत नाही. ती सोय सर्व्हरच्या महागड्या रॅममध्ये असते. तेव्हा ही देखरेख भविष्य सांगते, असा दावा कुणी करू नये. हे पुस्तकही तो करत नाही. पण यातून काढायचा निष्कर्ष ‘मग देखरेख कशाला’ हा नव्हे. न बोलता जाणाऱ्या डिस्कसाठी बॅकअप आहे, आणि बॅकअपला पर्याय नाही. बोलून जाणाऱ्या डिस्कसाठी देखरेख आहे. तिच्यामुळे काम थांबण्याआधी, कार्यालयाच्या सोयीच्या वेळी, बदल करता येतो. बिघाडांतल्या निम्म्यांची जरी आधी चाहूल लागली, तरी मार्चअखेरच्या निम्म्या धावपळी टळतात. रक्तदाब मोजून प्रत्येक झटका टळत नाही, म्हणून कुणी रक्तदाब मोजणे सोडत नाही.

दुसरा आक्षेप लहान कार्यालयांचा : आमच्याकडे वार्षिक देखभालीचा करार आहे, इंजिनिअर तीन महिन्यांनी येऊन जातो, वेगळी यंत्रणा आम्हाला परवडायची नाही. करार असावाच. पण तीन महिन्यांनी येणारा माणूस त्या दिवशीची अवस्था पाहतो; मधल्या नव्वद दिवसांत काय झाले ते त्याला कुणी सांगत नाही. नोंदी हाती असल्या, तर तो नेमका कुठल्या यंत्रापाशी आधी जायचे हे ठरवून येईल आणि बदलायचा भाग सोबत घेऊन येईल. कार्यालयालाही करारातून खरोखर काय मिळाले ते तपासता येईल. खर्चाचे म्हणाल, तर बाजूला पडलेला एक जुना पण धडधाकट संगणक, एक मुक्त प्रणाली आणि आठवड्याचा अर्धा तास देणारी एक व्यक्ती यांवर हे काम चालते. यातली खरी अडचण त्या अर्ध्या तासाची आहे. कुणाच्याच जबाबदारीचे नसलेले काम होत नाही. म्हणून ही जबाबदारी कार्यालयीन आदेशात, नावानिशी, लिहिलेली असावी.

त्यालाच जोडून इशाऱ्यांच्या पुराचा प्रश्न येतो. नवी यंत्रणा बसवणारा उत्साहात प्रत्येक आकड्याला इशारा लावतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनशे ईमेल येतात, दुसऱ्या आठवड्यात ते वेगळ्या फोल्डरमध्ये जायला लागतात, आणि ज्या दिवशी खरा इशारा येतो त्या दिवशी तो त्याच फोल्डरमध्ये न वाचलेला पडून राहतो. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे. उपाय एकच : ज्या इशाऱ्यावर कुणीतरी काहीतरी करणार आहे, तेवढेच इशारे ठेवायचे. प्रलंबित कप्पे वाढले तर आजच बॅकअप तपासायचा आणि डिस्क मागवायची. तापमान सलग तासभर चढे राहिले तर पंखा पाहायचा. बाकीचे आकडे साठत राहू द्यावेत. ते आठवड्यातून एकदा आलेखात पाहिले तरी चालतात.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सगळ्या यंत्रांत डोकावणारी यंत्रणा ताब्यात आली, तर घुसखोराला घरच्या किल्ल्यांचा जुडगाच मिळतो. ही भीती काल्पनिक नाही. संगणक बंद असतानाही तो दुरून हाताळता यावा म्हणून इंटेलने काही चिपसंचांत जी सोय दिली होती, तिच्यात कोरे उत्तर देऊनही आत शिरता येते अशी त्रुटी असल्याचे मे २०१७ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात तर नेटवर्कवर देखरेख करणाऱ्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच घातक भाग सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेला. कुंपणानेच शेत खाल्ले. या घटनांतून शिकायचे ते हे, की देखरेखीला फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा, बदलण्याचा देऊ नये. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडा प्रवास करतो आणि पुष्कळ उपकरणांवर तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. त्याऐवजी गुप्तलेखन असलेली तिसरी आवृत्ती वापरावी. नोंदी गोळा करणारा संगणक इंटरनेटवरून दिसू नये. जी सोय वापरायची नाही ती बंद ठेवावी. आणि प्रकृतीच्या देखरेखीसाठी दुरून यंत्र चालवण्याची गरजच नसते, हे विसरू नये.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेटवर्कवरून संगणक पाहणे याचा अर्थ कर्मचाऱ्याच्या कानी वेगळाच पडतो : साहेब आता माझ्या स्क्रीनवर डोळा ठेवणार. स्क्रीनची चित्रे घेणारी आणि कळा दाबल्याचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर बाजारात मिळतात, त्यामुळे ही शंका रास्त आहे. डिस्कचे कप्पे आणि पंख्याचे फेरे यांत माणूस कुठेच नसतो, हे खरे. पण यंत्र किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता बंद झाले हेही त्याच नोंदींत असते, आणि त्यातून हजेरी काढण्याचा मोह व्हायला वेळ लागत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती कोणत्या हेतूने घेतली याला महत्त्व दिले. कायद्याचे बोट धरण्याआधीच कार्यालयाने स्वतः ठरवावे : कोणते आकडे गोळा होतात त्यांची यादी फलकावर लावावी, फायलींची नावे, संकेतस्थळे आणि स्क्रीन यांना हात लावू नये, आणि या नोंदी कुणाच्याही कामाच्या मूल्यमापनासाठी वापरल्या जाणार नाहीत, असे लेखी द्यावे. यात कार्यालयाचाही स्वार्थ आहे. ज्या देखरेखीवर कर्मचाऱ्यांचा विश्वास नसतो ती केबल काढून ठेवून सहज निकामी करता येते. विश्वास असेल, तर पंख्याचा आवाज बदलल्याचे आकड्यांच्याही आधी तेच येऊन सांगतात.

पुढच्या प्रकरणांत या मुद्द्यांचा तपशील आहे : कोणते रकाने वाचावेत, किती वेळाने वाचावेत, मर्यादा कुठे ठेवाव्यात, नोंदी किती काळ जपाव्यात. वाचकाने हे पुस्तक मोठ्या यंत्रणेची वाट पाहत बाजूला ठेवू नये. आपल्या कार्यालयातला सर्वांत जुना संगणक कुठला, हे आपल्याला माहीत असते. आज त्याच्या डिस्कचे ५, १९७ आणि १९९ हे तीन रकाने वाचून तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा वाचा. दोन्ही वेळचे आकडे सारखे निघाले तर दुसऱ्या यंत्राकडे वळा. वेगळे निघाले, तर आधी बॅकअप घ्या आणि मगच पुढचे पान उलटा.